फोटो हलतो, दोष मात्र स्वस्त टेली लेन्सला

‘५५-२५० मिमीसारख्या, दूरचे जवळ दाखवणाऱ्या स्वस्त टेली लेन्सने रस्त्यावरचे फोटो धूसरच येतात, त्यासाठी मोठ्या छिद्राची, जास्त प्रकाश घेणारी महागडी एफ/२.८ लेन्सच हवी’ हा समज चुकीचा आहे. फोटो बहुतेक वेळा बिघडतो तो शटर स्पीड, म्हणजे शटर उघडून बंद होण्याचा वेग, कमी पडल्याने.

कॅननच्या एपीएस-सी, म्हणजे लहान सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर २५० मिमी लेन्सची चौकट फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावरील ४०० मिमीइतकी अरुंद होते. हाताचा कंपही तेवढाच मोठा दिसतो. लेन्समधला स्टॅबिलायझर हा कंप सावरतो, पण चालणारा माणूस त्याने थांबत नाही. त्यासाठी किमान १/५०० सेकंदाचा शटर स्पीड लागतो, सायकलस्वारासाठी १/१०००. म्हणून शटर प्रायॉरिटीवर (शटर स्पीड आपण ठरवतो तो मोड) १/५०० ठेवा, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ऑटो करून कमाल मर्यादा ३२०० द्या. दादरच्या फुलबाजारात ताडपत्रीखालच्या सावलीत एफ/५.६ ला आयएसओ १६०० च्या आसपास सहज जातो. जाऊ द्या! वाढलेल्या आयएसओने फोटोत येणारे थोडे दाणे चालतात, हललेला चेहरा मात्र कशानेच दुरुस्त होत नाही.

भर दुपारी तापलेल्या डांबरावरून दूरचा फोटो घेतला, तर हवेच्या लहरींनी तो मऊ पडतो. तिथे लाखाची लेन्सही हरते. जवळ जा किंवा सकाळी या. आणि लेन्सवरचा स्वस्त यूव्ही फिल्टर (पुढे लावलेली संरक्षक काच) आधी काढा, त्यानेही फोटो मऊ पडू शकतो.