तवंग पुसायचा की सोडून द्यायचा?

किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर एखाद्या बोटीतून दोन-चार हजार लिटर डिझेल समुद्रात गेलं, की पाहणाऱ्याला वाटतं, आता यंत्रणा धावत येईल, फवारे सुरू होतील. बऱ्याचदा येतं ते एक विमान किंवा एक गस्ती बोट, आणि तीही तवंगाभोवती चकरा मारत राहते. ‘नुसतं बघत काय बसलेत?’ हा संताप साहजिक आहे. पण हे बघत बसणं शिकायला जवळपास साठ वर्षं लागली, आणि शिकवणी फार महाग पडली.

सुरुवात १८ मार्च १९६७ची. ‘टॉरी कॅनियन’ हे टँकर इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्याजवळ सेव्हन स्टोन्स खडकांवर चढलं. पोटात १ लाख टनांहून अधिक कच्चं तेल. एवढं तेल सांडलं तर काय करायचं, याची तयारी कुणाकडेच नव्हती. मग हाताशी होतं ते केलं. यंत्रांवरचं वंगण धुवायला वापरतात तसली रसायनं, सुमारे १० हजार टन, समुद्रात आणि खडकांवर ओतली. जहाज फुटायला लागल्यावर उरलेलं तेल जाळून टाकावं म्हणून विमानांनी त्यावर बॉम्ब टाकले, नापाम हे चिकटून जळत राहणारं इंधनही टाकलं.

तेल हटवलं, पण खडकही ओस पडले. या रसायनांतले द्रावक तेलापेक्षा जहरी निघाले. खडकाला घट्ट चिकटून शेवाळ खरवडून खाणारे शंख मेले आणि खाणारं कुणी न उरल्याने खडक हिरवेगार झाले. दिसायला सुंदर, पण तो आजार होता. कॉर्नवॉलमधल्या गॉड्रेव्हीला सील असतात म्हणून तिथे फवारणी टाळली होती. न फवारलेले असे खडक दोन-तीन वर्षांत सावरले. जिथे सढळ हाताने ओतलं होतं, तिथे दहा वर्षांहून अधिक काळ गेला. आजची विखुरकं, म्हणजे तेलाचे बारीक थेंब करून ते पाण्यात विखरणारी रसायनं, पुष्कळच सौम्य आहेत, तरी उथळ पाण्यात ती सहसा वापरू देत नाहीत. ब्रिटनमध्ये २० मीटरपेक्षा कमी खोलीवर त्यासाठी खास परवानगी लागते.

एका ठेचेने शहाणपण आलं असंही नाही. १९७८मध्ये ‘अमोको कादिझ’ हे टँकर फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या किनाऱ्याला फुटलं, तेव्हा खाजणातला तेलकट चिखल यंत्रांनी खरवडून काढला. चिखलाबरोबर गवताची मुळंही गेली, आणि हात न लावलेलं खाजण आधी सावरलं. १९८९मध्ये अलास्कात ‘एक्सॉन व्हाल्डीझ’ या टँकरचं तेल धुवायला खडकांवर गरम पाण्याचे जोरदार फवारे मारले. टीव्हीवर झकास दिसायचं. पण तेलातून वाचलेले जीव त्या पाण्याने शिजले. काही पट्टे शास्त्रज्ञांनी आग्रहाने न धुता ठेवून घेतले, म्हणून तुलना तरी करता आली.

मग हात बांधून बसायचं का? इथेच मला वेस्ट फॅलमथची गोष्ट सगळ्यांत मोलाची वाटते. सप्टेंबर १९६९मध्ये ‘फ्लोरिडा’ नावाचा तेलवाहू बार्ज अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स किनाऱ्यावर खडकावर आदळला. सांडलं साडेसहा-सात लाख लिटर हलकं इंधन तेल. वर सांगितलेल्या अपघातांपुढे किरकोळच. पण जवळच वुड्स होलची सागरी संशोधन संस्था होती, त्यामुळे हा किनारा वर्षानुवर्षं नजरेखाली राहिला. तीस वर्षांनी खाजणाचा चिखल उकरला, तर बोटभर खाली तेल अजून होतंच. एक नांगी मोठी असलेले तिथले खेकडे सरळ खाली बीळ खणायचे, पण तेलाचा थर लागला की वळायचे.

म्हणजे तेल किती, यापेक्षा ते कुठे जाऊन बसतं याला महत्त्व. उघड्या समुद्रात लाटा चांगल्या असतील तर थोडं डिझेल बहुधा एक-दोन दिवसांत उडून आणि पाण्यात विखरून जातं. तेच खाडीत शिरलं, चिखलात मुरलं, की मुक्कामाला राहतं. जड तेलाचं दुखणं वेगळं. ते पाणी शोषून तिप्पट-चौपट फुगतं, तपकिरी लगदा होतो आणि पंपालाही दाद देत नाही.

म्हणून गस्ती बोट आधी रंग बघते. उत्तर समुद्राभोवतीच्या देशांनी १९६९मध्ये बॉन करार केला. तवंगाच्या रंगावरून त्याची जाडी ठरवण्याचं त्यांचं कोष्टक आज जगभर वापरतात. इंद्रधनुषी तवंग पाच मायक्रॉनच्याही, म्हणजे मिलिमीटरच्या पाच हजारांशांच्याही, आतला असतो. एक चौरस किलोमीटर पसरला तरी त्यात तेल ३०० ते ५,००० लिटर. डोळ्यांना भयंकर दिसतो, पण स्किमरने, म्हणजे पाण्यावरचं तेल उचलणाऱ्या यंत्राने, उचलण्याइतका जाड नसतो. काळपट, तेलाच्या खऱ्या रंगाचे पट्टे दिसले तरच बोटी तिकडे वळवायच्या.

कायदेही ‘टॉरी कॅनियन’नंतरच सुचले. ते जहाज ब्रिटनच्या हद्दीबाहेर होतं आणि झेंडा लायबेरियाचा, मग त्यावर बॉम्ब टाकायचा हक्क कुणाचा? १९६९मध्ये दोन करार झाले. एकाने किनारी देशाला असा हस्तक्षेप करायची मुभा दिली, दुसऱ्याने भरपाई जहाजमालकावर टाकली. १९९०च्या करारानुसार जहाजांना आणि सागरी तेलफलाटांना तातडीचा आराखडा आधीच तयार ठेवावा लागतो. छोटी गळती जागच्या जागी, मोठी शेजाऱ्यांच्या मदतीने, त्याहून मोठी बाहेरून कुमक मागवून, ही तीन पायऱ्यांची रीतही आता रुळली आहे.

आराखड्यात छोट्या गळतीसाठी खरी घाई एकाच ठिकाणी असते, ती म्हणजे खाडीच्या तोंडाशी. तवंग प्रवाहाबरोबर सरकतो, त्यात वाऱ्याच्या वेगाचे सुमारे ३ टक्के मिळवायचे. त्यावरून तो कुठे आणि कधी पोहोचेल याचा अंदाज बांधतात आणि भरती लागण्याआधी तिथे बूम, म्हणजे तरंगता बांध, टाकतात. तोही आडवा टाकून चालत नाही. प्रवाह पाऊण नॉटच्या (ताशी सुमारे १.४ किलोमीटरच्या) आसपास गेला की तेल बूमच्या झालरीखालून सटकतं. म्हणून तो तिरका बांधतात, तेल घसरत घसरत काठाच्या संथ पाण्यात येतं, आणि तिथे ते उपसायला माणसं थांबलेली असतात.