मन मोकळं करायचं खरं, पण ऐकणारा कसा आहे?

"मनात ठेवू नकोस, बोलून टाक, बरं वाटेल" हा सल्ला आपण इतक्या सहज देतो की तो खरा आहे का हे तपासायचं कोणाच्या डोक्यातच येत नाही. बेल्जियमचे मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमे यांनी मात्र तपासलं, आणि वर्षानुवर्षं तपासत राहिले. त्यांना असं दिसलं की मनाला लागणारं काही घडलं की बहुतेक माणसं ते कोणाला ना कोणाला सांगतातच, बऱ्याचदा त्याच दिवशी, आणि सांगून बरं वाटलं असंही म्हणतात, पण नंतर तीच आठवण काढल्यावर होणारा त्रास मोजला तर सांगणारे आणि न सांगणारे यांच्यात फारसा फरकच नाही. म्हणजे हलकं वाटणं वेगळं आणि बरं होणं वेगळं.

पुढे तर उलटंच प्रकरण झालं. १९८३ मध्ये अमेरिकेत जेफ्री मिचेल यांनी फायर ब्रिगेड, अ‍ॅम्ब्युलन्सवाले अशा लोकांसाठी डिब्रीफिंग नावाची पद्धत मांडली. घटना घडल्यावर दोन-तीन दिवसांत सगळ्यांना एकत्र बसवायचं आणि काय बघितलं, काय वाटलं ते सविस्तर बोलायला लावायचं. ऐकायला एकदम पटणारं, त्यामुळे हळूहळू अपघातातून वाचलेले, पेशंट, सगळ्यांनाच ती सरसकट लागू व्हायला लागली. मग ब्रिटनमध्ये भाजलेल्या पेशंटवर ट्रायल झाली, तिचा निकाल १९९७ मध्ये आला: १३ महिन्यांनी, डिब्रीफिंग मिळालेल्यांपैकी २६ टक्के लोकांना पीटीएसडी, म्हणजे घटना संपली तरी मन तिथेच अडकून राहण्याचा आजार, आणि ज्यांना डिब्रीफिंग दिलंच नव्हतं त्यांच्यात ९ टक्के. (पहिल्या गटातले लोक मुळात जास्त भाजलेले होते, त्यामुळे सगळं खापर डिब्रीफिंगवर फोडता येत नाही, पण फायदा झाला असंही कुठे दिसेना.) आज जागतिक आरोग्य संघटनाच सांगते की नुकत्याच आघातातून गेलेल्या माणसांवर हा प्रकार करू नका.

मग गोष्ट सांगण्यात काही अर्थ आहे की नाही? आहे, आणि बराच आहे, पण त्यासाठी आधी आघाताची आठवण कशी साठते ते बघावं लागतं. साध्या आठवणीला जागा, वेळ, आधीचं-नंतरचं असं सगळं चिकटलेलं असतं, आणि त्या कामात मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाचा मोठा वाटा असतो. जिवावर बेतल्यावर मेंदूतला भीतीशी जोडलेला भाग, अमिग्डाला, जोरात चालू होतो आणि ही जोडणी अर्धवट राहते असं बरेच संशोधक मानतात, मग उरतात ते तुकडे, ब्रेकचा कर्कश आवाज, पेट्रोलचा वास, कोणाचा तरी हात, आणि या तुकड्यांवर तारीखच नसते त्यामुळे तसाच आवाज परत आला की शरीराला वाटतं हे आत्ताच चाललंय.

जर्मनीतल्या कोन्स्टान्झ विद्यापीठातल्या मॅगी शाउअर, फ्रँक नॉयनर आणि थॉमस एल्बर्ट यांनी नेमकं हेच धरून नॅरेटिव्ह एक्सपोजर थेरपी तयार केली. सुरुवातीला जमिनीवर एक दोरी पसरतात, ती म्हणजे त्या माणसाचं आयुष्य, आणि तो स्वतः तिच्यावर चांगल्या प्रसंगांसाठी फुलं आणि वाईट प्रसंगांसाठी दगड ठेवत जातो. मग जन्मापासून क्रमाने बोलायचं, दगडापाशी आलं की अगदी सावकाश. थेरपिस्ट सारखा विचारत राहतो, तेव्हा काय दिसत होतं, छातीत कसं होत होतं, आणि आत्ता, या खोलीत, काय होतंय? तेव्हा आणि आत्ता यातलं अंतर त्या माणसाला स्वतःला जाणवायला हवं, सगळी मेहनत त्यासाठी. सांगितलेलं लिहून काढतात, पुढच्या वेळी वाचून दाखवतात, तो म्हणतो नाही, असं नव्हतं, आधी आवाज आला मग मी पळालो, की दुरुस्त करायचं.

युगांडातल्या निर्वासितांच्या छावणीत ४३ सुदानी लोकांवर याची चाचणी झाली, २००४ मध्ये छापून आली. थेरपीच्या फक्त चार बैठका, आणि वर्षभराने पीटीएसडी उरला होता २९ टक्के लोकांमध्ये. ज्यांना नुसतं आधार देणारं समुपदेशन मिळालं त्यांच्यात ७९ टक्के. छोटा अभ्यास आहे, मान्य, पण मला त्यातली तुलना महत्त्वाची वाटते, कारण दुसऱ्या गटाशीही कोणी वाईट वागलं नव्हतं, प्रेमाने ऐकूनच घेतलं होतं, फक्त त्या दगडापाशी कोणी त्यांच्याबरोबर थांबलं नव्हतं.

ऐकणारा गोष्टीचं काय करतो याचा माझा सगळ्यात आवडता प्रयोग कॅनडातला आहे. जॅनेट बावेलास आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केला. एकाने 'थोडक्यात वाचलो' असा स्वतःचा किस्सा सांगायचा आणि समोरच्याला गुपचूप काम दिलेलं, टी अक्षराने सुरू होणारा शब्द आला की बटण दाबायचं. म्हणजे बघा, शब्दन् शब्द ऐकायचा, पण अर्थाकडे लक्षच नाही. झालं असं की ऐकणाऱ्याचं 'हं हं' कमी झालं, श्वास रोखणं, तोंड वेडंवाकडं होणं हे तर फारच कमी, आणि सांगणारा गडबडला, तोही नेमका किस्सा रंगात आल्यावर, शेवट धड जमेना, मग तोच तोच परत सांगणं, हे किती भयंकर होतं ते समजावून सांगत बसणं. साध्या किश्श्याचं हे होत असेल तर जी गोष्ट सांगणाऱ्यालाच अजून नीट जुळलेली नाही तिचं काय होत असेल!

मेंदू स्कॅन करूनही हे थोडंफार दिसतं. प्रिन्स्टन विद्यापीठात उरी हॅसन यांच्या गटाने २०१० मध्ये दाखवलं की खरा किस्सा ऐकणाऱ्याच्या मेंदूतली हालचाल सांगणाऱ्याच्या मागोमाग तशीच होत जाते, काही भागांत तर आधीच, आणि जितकी जुळणी जास्त तितकं समजलेलंही जास्त. रशियन न येणाऱ्यांना रशियन गोष्ट ऐकवली तर जुळणी गायब. यावरून दोन मेंदू एक झाले, जखमा भरल्या वगैरे हेडलाइन करणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं, इथे मोजलं ते समजणं होतं.

पण एवढ्यावर ऐकणाऱ्याने रडायला लागू नये. समोरचा कोसळला की सांगणारा स्वतःचं सोडून त्यालाच सावरायला लागतो आणि पुढच्या वेळी सांगतच नाही. तपशील उकरून काढणं, "तू तिथे गेलासच कशाला" म्हणणं हेही तसंच तोंड बंद करणारं. तो थांबला तर थांबू द्यावं. आणि महिना उलटून गेल्यावरही वाईट स्वप्नं, दचकणं, त्या जागा टाळणं चालूच असेल तर मित्राचं काम संपलं, शिकलेल्या थेरपिस्टकडे न्यावं.

कोणीच नसेल तर कागद आहे. जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये विद्यार्थ्यांना सलग चार दिवस रोज १५ मिनिटं स्वतःच्या सगळ्यात वाईट अनुभवावर लिहायला लावलं, लिहिल्या लिहिल्या मूड बिघडला, पण घडलेलं आणि वाटलेलं दोन्ही लिहिणाऱ्यांच्या डॉक्टरकडच्या फेऱ्या पुढच्या सहा महिन्यांत कमी झाल्या. नंतरच्या मोठ्या आढाव्यांत फायदा छोटाच निघाला. कोणाला जास्त झाला? ज्यांच्या लिखाणात दिवसागणिक 'कारण', 'आता कळतंय' असं वाढत गेलं त्यांना, पहिल्याच दिवशी सुबक गोष्ट लिहून मोकळे झालेल्यांना फारसा नाही.