कणीक आणि परदेशातले होल व्हीट फ्लोअर

मुंबईहून मुलाकडे किंवा लेकीकडे चार-सहा महिन्यांसाठी परदेशी गेलेल्या आईवडिलांची फोनवरची एक तक्रार आता पाठ झाली आहे : आमटी जमते, भाजी जमते, पोळी मात्र वातड होते. त्यावर इकडून होणारी निदानेही ठरलेली असतात. तिकडचे पाणी जड आहे, विजेच्या शेगडीवर तवा नीट तापत नाही, आणि शेवटी, हलक्या आवाजात, सुनेच्या हाताला वळण नाही. बहुतेक वेळा यातले काहीच खरे नसते. सुपरमार्केटमधून आणलेले होल व्हीट फ्लोअर कणीक समजून मळलेले असते. दोन्ही गव्हाचीच, दोन्ही कोंड्यासकट, त्यामुळे घोटाळा होणे साहजिक आहे. पण तोच घोटाळा दर वेळी नव्याने व्हावा आणि त्याचे खापर दर वेळी मळणाऱ्या बाईवर फुटावे, हे पटण्यासारखे नाही.

कणकेविषयी मराठी वाचकाला फारसे सांगायला नको. लोकवन किंवा सिहोर गहू निवडायचा, डबा गिरणीत द्यायचा, ज्वारी-बाजरीवर न दळता गव्हावरच गहू दळायला बजावायचे आणि घरी आल्यावर डब्याचे झाकण उघडे ठेवायचे, कारण पीठ चांगलेच गरम असते. ही ऊब आपण केवळ निवू देण्यापुरती लक्षात घेतो. प्रत्यक्षात ती सगळ्या फरकाची खूण आहे.

किरकोळ फरक आधी उरकून घेऊ. अमेरिकेतले नेहमीचे होल व्हीट फ्लोअर बहुधा लाल गव्हाचे असते. त्याच्या कोंड्यातील द्रव्यांमुळे ते गडद दिसते आणि किंचित कडवट लागते. आपला गहू फिकट, सोनेरी सालीचा असतो. सेल्फ-रेझिंग असे लिहिलेल्या पिठात बेकिंग पावडर आधीच मिसळलेली असते, त्याची पोळी करू नये. याहून जास्त शाई यावर खर्च करण्याचे कारण नाही.

खरा फरक दळण्याच्या रीतीत आहे. आपल्या गिरणीत दोन दगडांमध्ये दाणा अक्षरशः चिरडला जातो. दाब आणि घर्षण इतके असते की पीठ तापते, कोंडा बारीक होतो आणि, सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, गव्हातील स्टार्चचे सूक्ष्म कण मोठ्या प्रमाणावर फुटतात. पाश्चात्त्य गिरण्यांत पोलादी रोलरांच्या जोड्या असतात. त्या दाणा टप्प्याटप्प्याने उघडतात, आतला पांढरा गर कोंड्यापासून सोडवतात, चाळतात, आणि होल व्हीट करायचे असल्यास कोंडा व अंकुर पुन्हा त्यात मिसळतात. या रीतीत स्टार्चचे कण पुष्कळसे धड राहतात, कारण ते पीठ मुळात पावासाठी असते आणि पावाला फुटके कण एका मर्यादेपलीकडे नकोच असतात. ते फार झाले की पावाचा आतला भाग चिकट होतो.

धड कण गार पाण्यात आपल्या वजनाच्या निम्म्याहूनही कमी पाणी धरतो. फुटलेला कण वजनाच्या दुपटीहून अधिक धरू शकतो. पोळीचे सगळे सुख या पाण्यात आहे. कणकेच्या गोळ्यात भरपूर पाणी असूनही तो हाताला मऊ लागतो, चिकट लागत नाही. तव्यावर त्याच पाण्याची वाफ होऊन पोळी फुगते, आणि उरलेले पाणी पोळीत टिकल्यामुळे ती दुपारी डब्यातही मऊ निघते. रोलरच्या पिठात सवयीने पाणी घातले, की गोळा आधी परातीला चिकटतो, कारण कोंड्याचे जाड तुकडे पाणी सावकाश पितात. मळणारी बाई साहजिकच वरून पीठ लावते. अर्ध्या तासात कोंडा पाणी ओढून घेतो आणि तोच गोळा घट्ट होऊन बसतो. लाटताना पोळी आक्रसून मागे येते, कडा चिरतात, तव्यावर एखादाच फुगवटा येतो आणि गार झाल्यावर घास चावत बसावे लागते. यात हाताचा दोष कोठे आहे?

आता दोन गैरसमज, जे ऐकून कंटाळा आला आहे. पहिला, प्रथिने जास्त म्हणजे पोळी मऊ. उलट आहे. उत्तर अमेरिकेतील कडक लाल गव्हाच्या पिठात प्रथिने अनेकदा 13-14 टक्के असतात, आणि पोळी मागे ओढली जाते ती त्याच प्रथिनांच्या ताकदवान, चिवट जाळ्यामुळे, म्हणजे ग्लुटेनमुळे. दुसरा, कोंडा जास्त म्हणजे कणकेच्या जवळ. जर्मनीत पिठाच्या पाकिटावर 405, 550, 1050 असे आकडे असतात. ते 100 ग्रॅम पीठ जाळल्यावर साधारण किती मिलिग्रॅम राख उरते ते सांगतात, म्हणजे अप्रत्यक्षपणे कोंड्याचा अंश. मोठा आकडा शोधून कणीक सापडत नाही, कारण स्टार्च किती फुटला हे त्या आकड्यात नसतेच. याउलट ब्रिटनमध्ये चपातीसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या ‘मीडियम’ पिठात कोंडा कमी असूनही पोळी होलमील, म्हणजे तिकडच्या कोंड्यासकट पिठापेक्षा सरस होते.

तेव्हा शक्य असेल तर देशी दुकान गाठावे. लंडनमध्ये साउथॉल किंवा वेंबली, न्यू जर्सीत एडिसनचा ओक ट्री रोड, टोरंटोत जेरार्ड स्ट्रीट, सिंगापुरात लिटल इंडिया. आटा कोठेही मिळतो. पाकिटामागचा मजकूर मात्र वाचावा. भारताने 2022 साली गव्हाच्या आणि पाठोपाठ पिठाच्या निर्यातीवर निर्बंध घातले. पाकिटावर देवनागरी अक्षरे आहेत म्हणून आतला गहू आपल्याकडचाच, असे धरून चालू नये. कॅनडात डुरम गहू मिसळलेला आटा सर्रास दिसतो; तो आपल्या बन्सी गव्हाच्या जातीचा, पिवळसर आणि लाटायला गुणी असतो. 23 किलोच्या बॅगेत दहा किलो कणीक कोंबून नेणे मला अजिबात मान्य नाही. ती जागा भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला यांची आहे.

देशी दुकान जवळ नसेल, तर त्याच पिठाची पोळी निभावता येते. मैदा मिसळण्याचा सल्ला सर्वत्र मिळतो. तो मला पसंत नाही, कारण पोळी तेवढ्यापुरती मऊ होते आणि चव हातची जाते. त्यापेक्षा उकडीची युक्ती वापरावी. तांदळाच्या पिठात ग्लुटेन नसते, तरी भाकरी थापता येते, कारण उकळत्या पाण्यात स्टार्च फुलून चिकटपणा देतो. गव्हाचा स्टार्चही साधारण 60 अंशांच्या पुढे फुलू लागतो. गिरणीच्या दगडाने जे काम केले नाही, त्यातले थोडे उकळते पाणी करून देते. जाड कोंडा चाळून काढावा, एक तृतीयांश पिठावर उकळते पाणी ओतून चमच्याने कालवावे, निवल्यावर उरलेले पीठ, मीठ, तेल आणि कोमट पाणी घालून गोळा हाताला किंचित चिकटेल इतका सैल मळावा. वरून पीठ लावण्याचा मोह टाळून तो तासभर झाकून ठेवावा आणि नंतर तेलाच्या हाताने पुन्हा मळावा. तवा चांगला तापलेला हवा. मंद आचेवर पोळी भाजण्याआधीच वाळते.