पृथ्वीचं आयुष्य वेगळं, पृथ्वीवर राहता येण्याचा काळ वेगळा

उन्हाळा लागला की हा विषय हमखास निघतो. नाशिकच्या पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना, रसवंतीवर, लग्नाच्या पंगतीत. कोणी म्हणतं, "पृथ्वीला अजून पाच अब्ज वर्षं आहेत, कसली काळजी करता?" दुसरं कोणी म्हणतं, "सूर्यच तापायला लागलाय, त्याला आपण काय करणार?" दोन्ही वाक्यांत एकेक खरी गोष्ट आहे आणि दोन्ही वेळा ती भलत्याच जागी ठेवलेली आहे. ऐकून ऐकून कंटाळलो, म्हणून एकदा सविस्तर लिहितोय.

आधी एक आग्रह. हे आकडे कोटीत मोजा. इंग्रजीतल्या बिलियनचं दशलक्ष आणि मिलियनचं अब्ज झालेलं मी बातम्यांत कितीदा तरी वाचलंय. अशी चूक झाली की उत्तर हजार पटीने फिरतं. एक अब्ज म्हणजे शंभर कोटी, बस.

पृथ्वीचं आयुष्य शाळेत सगळ्यांचं शिकून झालेलं असतं, ते उरकतो. सूर्याला साधारण ४६० कोटी वर्षं झाली. गाभ्यातला हायड्रोजन अजून ५०० कोटी वर्षं पुरेल, मग सूर्य फुगून तांबडा राक्षसी तारा होईल आणि बहुतेक पृथ्वीलाही गिळेल. पंगतीतले पाच अब्ज ते हेच. पण हे वय गोळ्याचं झालं. त्यावर कोणी राहत असेल की नाही, याच्याशी या आकड्याचा काही संबंध नाही.

राहता येण्याचा काळ त्याच्या कितीतरी आधी संपतो. सूर्याच्या गाभ्यात हायड्रोजनच्या चार केंद्रकांचं मिळून हेलियमचं एक होतं. कण कमी होतात, गाभा आकसतो, जास्त तापतो आणि आधीपेक्षा भराभर जळतो. त्यामुळे दर ११० कोटी वर्षांत सूर्याचं तेज सुमारे १० टक्क्यांनी वाढतं. आणखी शंभरेक कोटी वर्षांत समुद्राची वाफ इतकी वरपर्यंत जाईल की ऊन तिचे रेणू फोडेल, हायड्रोजन अवकाशात निसटेल आणि पाणी कायमचं जाईल. तेव्हा पृथ्वी असेल, ब्रह्मगिरीवर पाऊस नसेल.

म्हणजे सूर्य तापतोय हे खरंच. खरी गल्लत होते ती इथून पुढे.

दिंडोरीकडे माझ्या मामांची द्राक्षबाग आहे. तेही परवा म्हणाले, हा उन्हाळा सूर्य तापल्यामुळेच. मी म्हटलं, "मामा, हिशेब करून बघा. ११० कोटी वर्षांत १० टक्के, म्हणजे एक टक्का वाढायला ११ कोटी वर्षं. तुमच्या आजोबांपासून आजपर्यंत शंभर वर्षं धरा. तेवढ्यात वाढ झाली एका टक्क्याचा अकरा लाखावा भाग." तेवढ्याने कुठलाही थर्मामीटर हलत नाही. सूर्याचं तेज १९७८ पासून उपग्रहांवरून मोजलं जातंय. अकरा वर्षांच्या चक्रात ते सुमारे ०.१ टक्का वर-खाली होतं, पण चढत गेलेलं नाही. आणि याच काळात पृथ्वी मात्र तापत गेली. २०२४ साल १८५०–१९०० च्या सरासरीपेक्षा साधारण दीड अंशाने गरम होतं.

घरात उकडायला लागलं तर कारणं दोन असू शकतात: चूल मोठी झाली किंवा अंगावरची गोधडी जाड झाली. दोन्हींची खूण वेगळी असते. चूल मोठी झाली असती तर हवेचे सगळेच थर तापले असते. प्रत्यक्षात खालची हवा तापतेय आणि वरचा स्थितांबर निवत चाललाय. उष्णता खालीच अडकतेय. रात्रीचं किमान तापमान दिवसाच्या कमाल तापमानापेक्षा जास्त वाढलंय, तीही गोधडीचीच खूण. ही गोधडी कार्बन डायऑक्साइडची. कारखानदारीच्या आधी हवेच्या दर दहा लाख भागांत तो २८० भाग होता, आता ४२० च्या वर गेलाय. सूर्याला अकरा कोटी वर्षांत जमतं, त्याच्या तोडीचं काम आपण दोन शतकांच्या आत केलं.

आता सर्वांत जास्त गोंधळाचा भाग. कोट्यवधी वर्षांच्या गोष्टीत हाच कार्बन डायऑक्साइड वाढत नाही, संपत जातो.

मामांच्या विहिरीच्या खोदाईचा ढीग अजून बांधावर पडलाय. त्यातला एक गोटा उचलला. वरून पिवळट, हाताने दाबला तर पापुद्रे सुटायला लागले, अगदी लासलगावच्या कांद्यासारखे. आत मुठीएवढा काळा, घट्ट दगड निघाला. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा काळा पाषाण. पाऊस पडताना हवेतला कार्बन डायऑक्साइड सोबत घेऊन सौम्य आम्ल होतो, दगड कुरतडतो आणि मागे मुरूम नि काळी माती उरते. दगडातलं कॅल्शियम आणि हवेतला कार्बन गोदावरीतून बंगालच्या उपसागरात जातो, तिथे शिंपल्यांत आणि चुनखडीत बंद होतो. हवा तापली की हे कुरतडणं वाढतं, कार्बन कमी होतो, हवा निवते. ज्वालामुखी तो पुन्हा बाहेर सोडतात. पृथ्वीने कोट्यवधी वर्षं तापमान सांभाळलं ते असं.

सूर्य तापत जाईल तसा हा हिशेब कमी-कमी कार्बनवर बसेल आणि शेवटी झाडं उपाशी मरतील. जेम्स लव्हलॉक आणि मायकेल व्हिटफील्ड यांनी १९८२ मध्ये ही मुदत १० कोटी वर्षं काढली होती. दहा लाखांत १५० भागांच्या खाली झाडं जगत नाहीत, हे त्यांनी धरलेलं. द्राक्ष, गहू, भात यांना ते लागू आहे. पण बाजरी, मका, ऊस दहाएक भागांवरही तग धरतात. १९९२ मध्ये केन कॅल्डेरा आणि जेम्स कास्टिंग यांनी त्यांना हिशेबात घेतलं, तेव्हा मुदत ९० कोटींच्या पुढे गेली. द्राक्ष आधी जाईल, बाजरी मागे राहील. मामांना हे ऐकून वाईट वाटलं. मलाही वाटलं.

हे ऐकून काही जण लगेच म्हणतात, "मग पृथ्वी आपोआप सावरेलच की." सावरते. पण मुरूम व्हायला किती वर्षं लागतात? ५.६ कोटी वर्षांपूर्वी असाच भरमसाट कार्बन हवेत गेला, पृथ्वी पाच-सहा अंशांनी तापली आणि पुन्हा निवायला लाखाहून जास्त वर्षं गेली. आपल्या प्रजातीचा माणूसच मुळी तीन लाख वर्षांचा. या सावरण्याचा भरवसा आपल्या नातवंडांना देणं मला खोटं बोलणं वाटतं.

तेव्हा माणसापुरता प्रश्न कोटींचा नाहीच, घामाचा आहे. घाम वाळला तरच शरीर निवतं. थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून वारा द्या, तो जे दाखवेल ते घामाच्या जोरावर गाठता येणारं तापमान. तो ३५ वर गेला की सावलीत बसलेला धडधाकट माणूसही काही तासच टिकतो, असं २०१० मध्ये मांडलं गेलं. पुढे तरुण माणसांवर चाचण्या झाल्या. दमट हवेत हलकं काम करतानाही शरीराचा ताबा ३१ च्या आसपासच सुटू लागतो, असं त्यांत दिसलं. नाशिकचे मे महिन्यातले ४० अंश आणि २० टक्के आर्द्रता म्हणजे ओल्या फडक्यावर साधारण २३. म्हणून आपल्याकडे कूलर चालतो. मुंबईचे ३४ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता म्हणजे ३०. बातमीत मोठा आकडा नाशिकचा छापतात, मर्यादेला टेकलेली असते मुंबई.

मामांनी शेडच्या खांबाला आता दोन थर्मामीटर टांगलेत, एक कोरडा, एक ओला. एप्रिलच्या खरड छाटणीला मजुरांना किती वाजता घरी सोडायचं, ते ओल्यावरून ठरतं.