पावातलं यीस्ट, आपला डोळा आणि एक जुनं प्रोटीन

बेकरीत पाव फुगवणारं यीस्ट आणि आपण, दोघांचे पूर्वज वेगळे होऊन साधारण शंभर कोटी वर्षं झाली. त्याला ना डोळे ना मेंदू, एकाच पेशीत सगळा संसार. तरी दोघांकडे पीआरपी-८ नावाचं एक प्रोटीन आहे, यीस्टचं २४१३ अमिनो ॲसिडचं (प्रोटीनच्या माळेतले मणी म्हणा), आपलं २३३५ चं, आणि दोन्ही शेजारी ठेवून जुळवली तर जवळपास ६१ टक्के जागी अगदी तेच अमिनो ॲसिड. इतकं मोठं प्रोटीन आणि इतकं सारखं, हे काही रोज बघायला मिळत नाही.

त्याचं काम स्प्लायसिंग. जीनवरून आरएनएची कॉपी निघते तेव्हा मधेमधे बिनकामाचे तुकडे येतात, त्यांना इंट्रॉन म्हणतात, ते कापून उरलेली टोकं जोडायची, आणि एक अक्षर जरी इकडचं तिकडे झालं तरी पुढचं सगळं वाचन चुकू शकतं. कापाकापी करणाऱ्या मशीनचं नाव स्प्लायसोसोम. प्रत्यक्ष कापायचं काम त्यातले आरएनए करतात, पीआरपी-८ त्यांना मधोमध धरून ठेवतं. म्हणूनच ते बदलत नाही, चारी बाजूंनी कोणी ना कोणी त्याला टेकलेलं, एक कोपरा हलवला की दुसरीकडे काहीतरी निखळणार.

यातली एक गंमत मला फार आवडते. अमेरिकन शास्त्रज्ञ लेलँड हार्टवेल यांनी १९६० च्या दशकात यीस्टचे असे म्युटंट, म्हणजे जीनमध्ये बदल झालेले नमुने, शोधले जे २३ डिग्रीला मजेत वाढतात आणि ३६ ला अडतात. त्यातल्या काहींत आरएनए नीट तयार होत नव्हता म्हणून त्यांना आरएनए-२, ३ असे ११ पर्यंत नंबर दिले. आता इंट्रॉन असतात हेच मुळी १९७७ साली कळलं, फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांच्यामुळे, तेही सर्दीच्या एका व्हायरसमध्ये! त्या म्युटंट्समध्ये बिघडलेलं होतं ते स्प्लायसिंगच, म्हणजे उत्तर आधी सापडलं आणि प्रश्न नंतर पडला. त्यातलाच आरएनए-८ पुढे पीआरपी-८ झाला.

बरं, यीस्टच्या सहाएक हजार जीन्समध्ये इंट्रॉन सगळे मिळून तीनशेच्या आत-बाहेर, मग एवढं मशीन कशाला सांभाळायचं? कारण त्यातले बरेच इंट्रॉन बसलेत रायबोसोमच्या, म्हणजे प्रोटीन बनवणाऱ्या मशीनच्या, जीन्समध्ये, ज्या सतत चालू असतात. आपल्याकडे मात्र एकेका जीनमध्ये सरासरी आठ-नऊ इंट्रॉन, वर एकाच जीनचे तुकडे वेगवेगळे जोडून वेगवेगळी प्रोटीन्स काढायची, त्यासाठी जी जास्तीची मदतनीस प्रोटीन्स लागतात त्यातली बरीचशी यीस्टकडे नाहीतच. थोडक्यात, गाभा तोच राहिला आणि बाकी पसारा ज्याने त्याने गरजेप्रमाणे वाढवला किंवा आवरला.

पीआरपी-८ आलं कुठून? २०१३ मध्ये केंब्रिजला कियोशी नागाई यांच्या लॅबने त्याचा आकार काढला, तर आत रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेससारखा (आरएनएवरून डीएनए बनवणाऱ्या प्रोटीनसारखा) भाग. बॅक्टेरियातले काही इंट्रॉन स्वतःच स्वतःला कापून घेतात आणि डीएनएत दुसरीकडे घुसायला असंच प्रोटीन वापरतात. म्हणजे इंट्रॉन हाकलणारं हे प्रोटीन बहुतेक इंट्रॉनच्याच घरातलं, चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!

आता डोळा. पीआरपी-८ च्या जीनमधल्या काही बदलांमुळे माणसात रेटिनायटिस पिग्मेंटोसा हा डोळ्याच्या पडद्याचा आजार होतो, आधी रात्रीचं दिसेनासं होतं, मग बाजूची नजर कमी कमी होत जाते. २००७ मध्ये हेच बदल यीस्टमध्ये करून पाहिले, आणि डोळे नसलेल्या त्या पेशीतसुद्धा मशीनचा एक भाग नीट जुळेना. पण प्रत्येक पेशीला लागणारं प्रोटीन बिघडलं तर त्रास फक्त डोळ्याच्या पडद्यालाच का? एक अंदाज असा की पडद्यातल्या पेशी रोज स्वतःचा काही भाग नव्याने बांधतात, त्यांची स्प्लायसिंगची भूकच मोठी, त्यामुळे थोडी कमतरताही तिथे आधी जाणवते. या पेशंट्सकडे जीनची दुसरी कॉपी चांगली असते, आणि बाकीचं शरीर तेवढ्यावर भागवून नेतं.