बंदूक दुरुस्तीच्या कारागिरांसाठी : थकीत वेतनाचा अर्ज, पात्रता आणि कागदपत्रे

कोकणात वानर आणि रानडुकरांपासून बागा राखण्यासाठी शेतीसंरक्षण परवान्यावरच्या बंदुका अनेक घरांत आहेत. खाऱ्या दमट हवेने नळीला चढलेला गंज उतरवणे, चाप नीट करणे, दस्ता नव्याने बसवणे ही कामे परवानाधारक दुकानांतले पगारी कारागीर करतात. कामात कसर राहिली तर चालवणाऱ्याच्या डोळ्यावर बेतू शकते, इतके जोखमीचे हे कसब आहे. तरीही यातल्या अनेकांना किमान वेतन मिळत नाही, आणि ते मागणाऱ्यांचे अर्ज बहुधा कागदांअभावी अडकतात.

वेतन संहिता, 2019 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे. पूर्वी किमान वेतनासाठी व्यवसायाचे नाव कायद्याला जोडलेल्या यादीत, म्हणजे अनुसूचीत, असावे लागे. आता ती अट नाही. दुकानात एकच कामगार असला तरी तो पात्र ठरतो, त्यामुळे ‘लहान दुकानाला कायदा नाही’ या उत्तरावर कोणी माघारी फिरू नये. ‘तू तर शिकाऊ आहेस’ हे कारणही वारंवार पुढे केले जाते, परंतु वगळलेला शिकाऊ म्हणजे शिकाऊ उमेदवार अधिनियम, 1961 खाली घेतलेला उमेदवार. वर्षानुवर्षे तोंडी बोलीवर राबणारा माणूस त्यात मोडत नाही.

सर्वांत मोठी अडचण नियुक्तीपत्राची आहे, कारण ते जवळजवळ कोणाकडेच नसते. वेतनाची पावती देणे हे मालकाचे कर्तव्य असताना ती कामगाराकडेच मागितली जाते, हे अन्यायाचे आहे. वेतन दिल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. मात्र आपण तिथे नोकरीला होतो, हे आपल्यालाच दाखवावे लागते. त्यासाठी बँक खात्यातल्या नोंदी, मालकाचे मोबाइलवरचे संदेश, सुटे भाग आणल्याच्या पावत्यांवरची आपली सही आणि शेजारच्या दुकानदाराचे शपथपत्र उपयोगी पडते. दुरुस्तीला आलेल्या हत्यारांच्या नोंदवहीत आपले हस्ताक्षर असेल तर तो भक्कम पुरावा आहे, पण तिचे गुपचूप फोटो काढू नयेत, कारण त्यात परवानाधारकांची खासगी माहिती असते. ती वही हजर करण्याचा आदेश द्यावा, अशी विनंती अर्जातच लिहावी; वेतनाचे दावे ऐकणाऱ्या प्राधिकाऱ्याला तो अधिकार आहे.

एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. पगार थकला म्हणून दुकानातली बंदूक किंवा तिचा एखादा भाग अडवून घरी ठेवू नका. परवाना मालकाचा असतो, तुमचा नाही, आणि शस्त्र अधिनियम, 1959 खाली विनापरवाना शस्त्र बाळगणे हा गुन्हा आहे. हक्काचा दावा करणारा माणूसच मग आरोपी ठरतो.

रक्कम मोजताना पुष्कळ जण मूळ दर तेवढा धरतात आणि महागाईनुसार दर सहा महिन्यांनी बदलणारा विशेष भत्ता विसरतात. मालक ‘हेल्पर’ म्हणत असला तरी प्रत्यक्ष काम काय केले ते सविस्तर लिहून कुशल वर्गाचा दर मागावा, नाहीतर हिशेब अकुशल दराने होण्याचा धोका राहतो. जादा तासांना दुप्पट दर आहे. नगावर काम करणाऱ्यांसाठी नगाचा किमान दर ठरलेला नसेल, तर वेळेनुसारच्या किमान दरापेक्षा कमी देता येत नाही. नोकरी सोडली किंवा काढून टाकले, तर दोन कामकाजाच्या दिवसांत हिशेब चुकता व्हायला हवा.

मुदतीबद्दलचा गैरसमज फार जुना आहे. किमान वेतनाच्या जुन्या कायद्यातली सहा महिन्यांची मर्यादा अजून लोकांच्या, आणि खेदाने म्हणावे लागते, काही खिडक्यांवरच्या कर्मचाऱ्यांच्याही डोक्यात आहे. आता मुदत तीन वर्षांची आहे, आणि उशिराचे सबळ कारण असल्यास त्यानंतरही अर्ज घेता येतो. ‘मुदत संपली’ असे तोंडी सांगितले तर ते लेखी मागावे.

अर्ज जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात द्यावा आणि प्रतीवर शिक्का व तारखेसह पोच घ्यावी. मंडणगडहून रत्नागिरी किंवा दोडामार्गहून ओरोस गाठणे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, म्हणून आधार, बँक पासबुक आणि थकबाकीचा महिनावार तक्ता यांच्या प्रती पहिल्याच खेपेला जोडाव्यात. आपण नोंदणीकृत कामगार संघटनेचे सभासद असू, तर ती आपल्या वतीने अर्ज करू शकते. प्राधिकारी थकबाकीच्या दहापटीपर्यंत भरपाई देऊ शकतो आणि मालकाने रक्कम भरली नाही, तर ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते. निकाल मान्य नसेल, तर 90 दिवसांत अपील करावे लागते.