मांजराचा जीनोम: नकाशा काढणं वेगळं, वाचणं वेगळं

‘मांजराचा जीनोम मॅप केला’ आणि ‘मांजराचा जीनोम वाचला’ ही दोन वाक्यं बातम्यांत सर्रास एकमेकांच्या जागी येतात. जीनोम म्हणजे पेशीतला सगळा डीएनए. पुण्यात पर्शियन पिल्लू घेताना कुणी ‘जीनोम मॅपिंगचा रिपोर्ट आहे का?’ असं विचारतं, तेव्हा बहुतेक वेळा त्याला हवी असते एकाच जनुकाची साधी तपासणी. हा घोळ नुसता शब्दांचा नाही. नमुना कसला घ्यायचा, किती घ्यायचा आणि आलेल्या उत्तरावर किती भरवसा ठेवायचा, हे सगळं त्यावर ठरतं.

पेठेतला पत्ता आपण कसा सांगतो? मंडईच्या अलीकडे, शनिपारापासून दोन बोळ सोडून. ठरलेल्या खुणा आणि त्यांच्यामधलं अंतर, एवढंच. जीनोमचा नकाशा असाच असतो. जीनोम वाचणं, म्हणजे सिक्वेन्सिंग, हे त्याच बोळात शिरून दारादारावरची पाटी अक्षरन् अक्षर उतरवून घेण्यासारखं आहे. मांजराच्या पेशीत गुणसूत्रांच्या १९ जोड्या असतात. त्यांतल्या १८ जोड्यांना ए१ पासून एफ२ पर्यंत नावं आहेत आणि उरलेली जोडी लिंगगुणसूत्रांची. गुणसूत्रांचा एक संच धरला तर डीएनएची अक्षरं (ए, सी, जी, टी) भरतात सुमारे अडीच अब्ज.

नकाशासाठी एकटं मांजर कामाचं नसतं, त्याला कुटुंब लागतं. डीएनएत ‘सीएसीएसीए’ अशी पुनरावृत्ती असलेल्या जागा असतात. कुणाच्या डीएनएत ती १५ वेळा येते, कुणाच्या १९ वेळा. हीच खूण, म्हणजे मार्कर. आई-बापाकडून पिल्लांकडे जाताना गुणसूत्रांच्या जोडीत तुकड्यांची अदलाबदल होते. दोन खुणा जितक्या लांब, तितकी त्यांची फारकत जास्त वेळा होते. शंभरातल्या एका पिल्लात फारकत दिसली तर अंतर एक सेंटिमॉर्गन. १९९९ साली संशोधक मेरिलिन मेनोटी-रेमंड आणि सहकाऱ्यांनी २५३ मार्करांचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यासाठी पाळीव मांजर आणि आशियाई बिबट्या-मांजर यांचा संकर वापरला होता, कारण आई-बाप इतके दूरचे असले की जवळजवळ प्रत्येक खुणेवर तुकडा कुणाचा ते ओळखता येतं. २००९ च्या नकाशात लिंगगुणसूत्रं वगळून ४८३ मार्कर आणि ४,३७० सेंटिमॉर्गन अंतर होतं. दोन मार्करांत सरासरी नऊ सेंटिमॉर्गन, म्हणजे ढोबळ हिशेबाने पन्नास लाख अक्षरं. बोळ सापडतो, दार नाही.

नकाशाची आणखी एक जात आहे. मांजराच्या पेशींवर ५,००० रॅड (किरणांच्या मात्रेचं एकक) किरणोत्सार सोडून गुणसूत्रांचे तुकडे करायचे, ते उंदरासारख्या हॅमस्टरच्या पेशींत जुळवायचे आणि कोणत्या दोन खुणा नेहमी एकत्र टिकतात, म्हणजे जवळ आहेत, ते मोजायचं. याला पैदास लागत नाही, त्यामुळे काम लवकर होतं.

वाचनासाठी एक मांजर पुरतं. २००७ साली ज्या ॲबिसिनियन मांजरीचा जीनोम पहिल्यांदा प्रसिद्ध झाला, तिचं नाव सिनॅमन. जवळच्या नात्यात पैदास झाल्यामुळे तिच्या दोन्ही प्रती बऱ्याच भागात सारख्या होत्या आणि तुकडे जुळवणं सोपं गेलं. ते वाचन मात्र सरासरी १.९ पटच होतं. त्यावरून प्रत्येक अक्षर जवळपास दोनदा वाचलं गेलं असा समज होतो, पण वाचलेले तुकडे कुठेही पडतात. काही जागी पाच पडतात, काही जागी एकही नाही. नुसता संभाव्यतेचा हिशेब केला तरी सातातलं एक अक्षर सुटतं, आणि प्रत्यक्षात जनुकबहुल भागाचा सुमारे ६५ टक्के क्रमच हाती आला. ते तुटक तुकडे कोणत्या गुणसूत्रावर कुठे बसवायचे हे मुख्यतः किरणोत्साराच्या नकाशाने सांगितलं. मॅपिंग जुनं झालं आणि सिक्वेन्सिंग नवं, असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं, की पहिलं वाचन नकाशावरच उभं राहिलं. २०२० मध्ये त्याच सिनॅमनचा जीनोम लांब तुकड्यांच्या तंत्राने ७२ पट वाचला गेला, तेव्हा कुठे बहुतेक भोकं बुजली.

दोन्ही कामांतला फरक सगळ्यात स्वच्छ दिसतो तो आपल्या वाड्याच्या पायरीवर बसणाऱ्या तिरंगी भाटीत. केशरी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, हे शंभर वर्षांपूर्वीच माहीत होतं. अशा भाटीला दोन एक्स असतात, एक केशरीवाला आणि एक बिनकेशरी, आणि प्रत्येक पेशीत त्यांतला एक बंद पडतो, म्हणून तिच्या अंगावर केशरी आणि काळे डाग शेजारी शेजारी येतात. बोक्याला एकच एक्स, म्हणून तो एकतर केशरी किंवा बिनकेशरी. पण एक्सवर नेमकं कुठे?

नकाशाची पद्धत अशी. अंगावर दोन्ही रंग असलेली भाटी घ्यायची आणि तिची फक्त बोके पिल्लं मोजायची. त्यांचा एक्स आईकडूनच आलेला असतो, त्यामुळे बाप कोण याची काळजी नाही. हे महत्त्वाचं आहे, कारण मोकळ्या फिरणाऱ्या मांजरीच्या एकाच वेतातल्या पिल्लांना दोन बाप असू शकतात. इतर गुणसूत्रांच्या नकाशात ही गोष्ट हिशेब पार बिघडवते. तिथे पितृत्वाची तपासणी आधी करावी लागते. मग प्रत्येक बोक्याचा रंग आणि मार्करची लांबी शेजारी शेजारी लिहायची. समजा ६० बोक्यांपैकी ५७ जणांत रंग आणि लांबी यांची जोडी आईच्या एक्सवर होती तशीच आली आणि तिघांत फारकत झाली, तर अंतर पाच सेंटिमॉर्गन. एकातही फारकत दिसली नाही तर अंतर शून्य समजायची घाई करू नये. ६० पिल्लांत शून्य फारकत म्हणजे अंतर पाच सेंटिमॉर्गनपर्यंत असू शकतं, एवढंच खात्रीने म्हणता येतं. एखादा मार्कर चुकीचा वाचला गेला तर फारकत झाली नसताना झाल्यासारखी दिसते आणि नकाशा उगाच लांब होतो.

या वाटेने २००९ पर्यंत केशरीचा पत्ता एक्सवरच्या सुमारे ३५ लाख अक्षरांच्या पट्ट्यात आला. पुढे हे काम फार महाग पडतं. अर्ध्या सेंटिमॉर्गनपर्यंत नेमकेपणा हवा तर दोनशे बोक्यांत एक फारकत मिळणार.

उरलेलं अंतर वाचनाने कापलं. २०२५ मध्ये जपानच्या क्युशू विद्यापीठाच्या आणि अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या गटांनी स्वतंत्रपणे एकच उत्तर दिलं: एआरएचजीएपी३६ या जनुकापाशी सुमारे ५,१०० अक्षरं गळालेली आहेत. जपानी गटाने आधी १८ मांजरांचा डीएनए तपासला, दहा केशरीवाली आणि आठ बिनकेशरी, मग आणखी ४९ मांजरांत खात्री केली. स्टॅनफर्डच्या गटापुढे केशरी रंगाशी जुळणारे ५१ फरक होते. त्यांतले ४८ बिनकेशरी मांजरांतही सापडल्यामुळे बाद झाले. वाचन करणाऱ्याची खरी अडचण इथे दिसते. त्याला फरक हवे तेवढे मिळतात. त्यांतला कामाचा कोणता, हे क्रम स्वतः सांगत नाही.

अशी गळती पडद्यावर कशी दिसते? वाचलेले तुकडे जोडीने येतात, आणि एका जोडीची दोन टोकं साधारण चार-पाचशे अक्षरांच्या अंतरावर पडतात. केशरी बोक्यात त्या जागी जोडीची टोकं एकदम साडेपाच हजारांवर गेलेली दिसतात आणि मधल्या पट्ट्यात एकही तुकडा नसतो. तिरंगी भाटीत मात्र मधला पट्टा रिकामा नसतो, निम्मा भरलेला असतो, कारण तिचा दुसरा एक्स शाबूत आहे. वाचन उथळ असेल तर हा निम्मेपणा योगायोगाने झालेल्या चढउतारात बुडून जातो. त्यातून ही गळती प्रथिन घडवणाऱ्या भागात नाही, म्हणून फक्त तेवढाच भाग वाचणाऱ्याला ती दिसलीच नसती. ती जनुक मोडत नाही. एरवी रंगपेशींत शांत असणारं जनुक तिथे चालू करते.

आता पर्शियन पिल्लाच्या रिपोर्टकडे येऊ. पीकेडी या विकारात मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी वाढत जातात. कुटुंबांच्या अभ्यासातून त्याचा पत्ता ई३ गुणसूत्रावर मिळाला आणि २००४ साली लेस्ली लायन्स यांच्या गटाने नेमका बदल दाखवला: पीकेडी१ जनुकाच्या २९ व्या खंडात ‘सी’च्या जागी ‘ए’, त्यामुळे प्रथिन मध्येच थांबतं. आजची तपासणी ते एकच अक्षर बघते. ते मॅपिंगही नाही आणि जीनोम वाचणंही नाही. एक प्रत बिघडलेली असली तरी आजार होतो. दोन्ही बिघडलेली पिल्लं जन्मापर्यंत टिकत नाहीत. रिपोर्ट निगेटिव्ह आला तर एवढंच कळतं की हा बदल नाही. म्हणून पैदाशीच्या मांजराची दहा महिन्यांनंतर सोनोग्राफीही करावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. रिपोर्ट नेमक्या बदलाचा आहे की शेजारच्या मार्करचा, हे लॅबला जरूर विचारा. मार्कर आणि जनुक यांच्यामध्ये फारकत झालेली असली, तर मार्करवरचं उत्तर साफ चुकतं.

एका अक्षराच्या तपासणीला गालाच्या आतला स्वॅब पुरतो. अर्धा तास आधी खायला देऊ नका. दूध पिणारं पिल्लू असेल तर आईपासून किमान तासभर वेगळं ठेवा, नाहीतर तिच्याच पेशी स्वॅबवर येतील. गालाच्या आतून पंधरा-वीस सेकंद फिरवून घासा, पूर्ण वाळू द्या आणि कागदी पाकिटात घाला. जून ते सप्टेंबर पुण्याच्या दमट हवेत ओला स्वॅब प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केला की बुरशी आणि जिवाणू वाढतात, डीएनए तुटतो. पूर्ण जीनोम वाचायला स्वॅब चांगला नाही, कारण तोंडातल्या जिवाणूंचा डीएनएही वाचला जातो आणि पैसे त्यात जातात. त्यासाठी जांभळ्या बुचाच्या ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) नळीत एक-दोन मिलिलिटर रक्त घ्यावं, आठ-दहा वेळा हलकेच उलटसुलट करावं आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावं. हेपॅरिनची नळी नको, हेपॅरिन पुढच्या रासायनिक क्रियेत अडथळा आणतं. लांब तुकडे वाचायचे असतील तर रक्त गोठवून पुन्हा वितळवू नका, लांब धागे त्यात तुटतात.

नकाशासाठी नमुना देत असाल तर एकट्या मांजराचा देऊन भागत नाही. आई, बाप माहीत असेल तर तो, आणि वेतातलं प्रत्येक पिल्लू, रंगासकट. प्रत्येक पाकिटावर नमुना घेतानाच पेन्सिलने क्रमांक घाला, कारण दोन भावांची पाकिटं अदलाबदल झाली तर पुढच्या हिशेबात ती चूक खऱ्या फारकतीसारखीच दिसते.